फडातली गणपूर्ती

चेरमनांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी माझ्याशी बोलायलाच नकार दिला होता. परळीहून चार किलोमीटर पत्र्याची ट्रंक डोक्यावर घेऊन, घामाने चिंब होऊन मी संस्थेच्या ओट्यावर पोचलो आणि सेक्रेटरी म्हणून नेमणूक झाल्याचा कागद पुढे केला. त्यांनी कागदाकडे बघितलंच नाही. माझ्या मागे कोणी आहे का ते बघितलं. मग दारातल्या शिपायाकडे बघितलं, आणि रस्त्याने शेळी घेऊन चाललेल्या एका म्हाताऱ्याला हाक मारून ओट्यावर बसवलं. मग म्हणाले, "आता झाले चार. हं, बोला. कोन तुमी?"

सेक्रेटरीची नेमणूक ही त्यांच्या लेखी चार माणसांपुढे व्हायची गोष्ट होती. त्यातलं एक माणूस मी स्वतः आणि एक रस्त्यावरून धरून आणलेलं, हे त्यांना चालत होतं. माणूस कुठूनही आणलेलं चाले, माणूस कमी पडलेलं मात्र चालत नसे. मला वाटलं, आपण वेड्याच्या गावात आलो. चार वर्षांनी निघालो तेव्हाही माझं हे मत फारसं बदललं नव्हतं, फक्त निघताना रडायला येत होतं.

आमची संस्था पाण्याची होती. बहात्तरच्या दुष्काळात गावाने आपल्या हाताने एक विहीर खणली. ज्या घरातलं माणूस कुदळ घेऊन खाली उतरलं ते घर सभासद, असा साधा हिशोब. सभासद ब्याण्णव. पाणी लागलं तेव्हा खड्ड्यात जी पाच माणसं होती त्यांत चेरमन होते, तेव्हा तिशीतले. त्या दिवसापासून तेच चेरमन. नाव कोणी घेत नसे. त्यांची बायको, ज्यांना मी काकू म्हणायचो, त्यासुद्धा "चेरमन कुटं उलथले बगा जरा," असंच म्हणायच्या. मी भाड्याने राहायचो ते त्यांच्याच घराच्या बाजूच्या खोलीत. त्यामुळे चेरमन मला कचेरीत आणि घरी, दोन्हीकडे पुरून उरायचे.

गाव म्हटलं तर खेडं, म्हटलं तर परळीचा शेवटचा मोहल्ला. वीजकेंद्राच्या चिमण्या कुठल्याही अंगणातून दिसायच्या. बायका रेल्वेच्या शिट्टीवर चूल पेटवायच्या. वारा तिकडचा असला की सकाळी वाळत घातलेलं पांढरं धोतर संध्याकाळी करडं होऊन हातात यायचं. शहरातली माणसं आम्हाला "ते बाजूचं खेडं" म्हणायची आणि चेरमनांच्या मस्तकात तिडीक जायची. "बाजूला परळी हाय," ते म्हणायचे. "वैजनाथाचं सोडा, देवाच्या आदी कोनी न्हाई. पन टेसन आमच्या डोळ्यादेखत वाडलं. बाजार आमच्या डोळ्यादेखत भरला. आमी हितंच हावोत. आलं कोन मंग? परळी आली!" पुढे प्लॉट पडत पडत नव्या कॉलन्या आमच्या शिवेला येऊन भिडल्या, तेव्हा लोक म्हणू लागले, गाव आता शहरात जाणार. चेरमन शांतपणे म्हणाले, "परळी हळूहळू आमच्यात यायलीय. यिऊ द्या. जागा हाय."

पण त्यांचं खरं वेड मोजण्याचं. सभेला ठरावीक सभासद हजर असल्याशिवाय सभा सुरू करता येत नाही, त्याला गणपूर्ती म्हणतात. आमच्या पोटनियमात तो आकडा एकतीस होता. हा आकडा चेरमनांच्या रक्तात गेला होता. लग्नात अक्षता हातात घेतल्या की आधी मांडव मोजायचे. सप्त्याची पंगत बसली की टाचा उंचावून पंगत मोजायचे. एकदा तर भर दुपारी एक तिरडी उचलायची वेळ झाली आणि हे पुढे झाले. "अट्ठावीस हायेत. तीन यिऊ द्या." उन्हात सगळे ताटकळले. शेवटी परळीच्या बाजाराला निघालेल्या तीन परगावच्या माणसांना त्यांनी रस्त्यावरून ओढून आणलं, त्यांच्या कोंबड्यांसकट. माणसांनी खांदा दिला, कोंबड्या स्मशानापर्यंत ओरडत आल्या. लोक हसून हसून बेजार झाले. पण गेलेल्या माणसाचा भाऊ पुढे कित्येक दिवस अभिमानाने सांगायचा, "माझ्या भावाच्या मातीला पुरे एकतीस व्हते."

घरीही तेच. काकू ताट वाढून हाका मारायच्या आणि हे उंबऱ्यात उभे. "किती जनं हावोत?"

"दोगं. लेकी नांदायला गेल्या. आता जेवायला गनपूर्ती मी कुटून आनू?"

मग माझ्या खोलीच्या भिंतीवर थाप पडायची. "शिक्रेटरी, या! तीन तरी हुंद्या!" चार वर्षांत मी स्वतःच्या हाताने स्वयंपाक केल्याचं मला आठवत नाही.

सहकाराच्या कामकाजात एक मोठी गमतीची सोय असते. गणपूर्ती झाली नाही की सभा अर्धा तास तहकूब करायची. अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी तीच सभा पुन्हा घ्यायची, आणि आता गणपूर्तीची गरज नाही! तालुक्यातल्या निम्म्या संस्था याच सोयीवर चालायच्या. पाच जण जमायचे, चहा प्यायचे, घड्याळ बघायचे आणि हवे ते ठराव करून घरी जायचे. चेरमनांना हे ऐकूनच खाज सुटायची. "आर्ध्या घंट्यात काय मानसं उगवत्यात का? मानसं न्हाईत मनून सभा तहकूब, आन मंग मानसं न्हाईत तरी सभा मंजूर? मंग त्यो आर्धा घंटा कावून घालवला बे?" याला उत्तर निबंधक कचेरीतही कोणाकडे नव्हतं. चेरमनांच्या कारकिर्दीत एकही तहकूब सभा झाली नव्हती.

अडचण एवढीच होती की दिवाळी झाली की आमच्या गावातली माणसंच संपायची. ट्रक यायचे, भांडी, कोंबड्या, बोचकी वर चढायची आणि गाव ऊस तोडायला कोल्हापूर-सांगलीकडे निघून जायचं, ते गुढीपाडव्याच्या आगेमागे परत. जाताना प्रत्येक घर कुलूप लावून चावी चेरमनांच्या हातात द्यायचं. एका जाड लोखंडी कडीत त्यांनी या सगळ्या चाव्या ओवल्या होत्या, सत्तर-ऐंशी. ती कडी खांद्यावर अडकवून ते रोज सकाळी गावभर फिरायचे. कुलूप लावलेल्या दारावर आधी टकटक करायचे. "हाय का कोनी?" मग दोन घटका थांबायचे, जसं काही कोणी उत्तर देणारच आहे. मग कुलूप काढून आत जायचे, उंबऱ्यावरची राख झाडायचे, तुळशीला तांब्याभर पाणी घालायचे. मी मागे वही घेऊन. घर सतरा, उंदीर दोन. घर बावीस, छपराचं कवेलू सरकलं. घर चाळीस, मांजर व्यालं, पिलं चार. मी वैतागून एकदा विचारलं, हे लिहून काय करायचं? ते म्हणाले, "इचारतील की आल्यावर."

मी गेलो त्याच्या तिसऱ्या वर्षी पाऊस पार फिरला. बाकीच्या विहिरींच्या तळाशी शेळ्या जाऊन सावलीला बसू लागल्या. आमच्या विहिरीला मात्र पाणी होतं. साहजिकच सगळ्यांचे डोळे तिच्यावर.

आमचे व्हाइस चेरमन तरणेबांड गडी. परळीत पुढाऱ्यांमध्ये ऊठबस, बुडाखाली जीप, मनगटावर सोनेरी घड्याळ. त्यांनी एका प्लॉटिंगवाल्याशी बोलणं लावलं. विहीर कायमची त्याच्या कॉलनीला द्यायची, आणि बदल्यात तो आमच्या गावात घरोघर नळ आणून देणार. नळ कधी, ते कागदात नव्हतं. विहीर कधी, ते होतं. लगेच. संचालक एकूण नऊ. त्यातले चार, व्हाइस धरून, गावात होते. चौघांनी सह्या करून मागणी ठोकली की महिन्याच्या आत विशेष सर्वसाधारण सभा बोलवा. बाकीचे चार संचालक उसाच्या फडात. गावात उरलेले सभासद सगळे मिळून अकरा.

डाव शेंबड्या पोरालाही कळण्यासारखा होता. सभा बोलवायची, अर्धा तास तहकूब करायची आणि अकरा माणसांत ब्याण्णव घरांची विहीर देऊन टाकायची. एकदा ठराव झाला की पाडव्याला परत आलेल्या बायका घागरी घेऊन विहिरीवर जाणार आणि तिथे कुंपण असणार. मी हादरलो. व्हाइस ओट्यावर बसून वर चेष्टा करत होते, "काळजी कावून करता चेरमन? सगळ्या घरांच्या चाव्या तर तुमच्याच खांद्यावर हायेत. मोजा एकतीस आन करा गनपूर्ती!"

चेरमन त्यांच्यावर कधी नव्हे ते उखडले. "कुलपाला हात वर करता येत न्हाई बे. मानूस लागतं."

ते गेल्यावर चेरमन मला म्हणाले, "शिक्रेटरी, नोटीस लिवा." त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. तारीख, वार, वेळ सकाळी अकरा. विषय, विहीर. ठिकाण आलं आणि माझा पेन थांबला. ठिकाण होतं सांगलीकडच्या एका कारखान्याच्या हद्दीतला, आमच्या गावच्या टोळीचा उसाचा फड, बांधावरच्या बाभळीखाली.

"चेरमन, असं चालतं का?"

"पोटनियम वाचा."

मी वाचला. "सभेचे ठिकाण अध्यक्ष ठरवतील." पुढे काहीच नव्हतं. गावातच असलं पाहिजे असं लिहायचं कोणाला सुचलंच नव्हतं, कारण असा माणूस असू शकेल हे कोणाला सुचलं नव्हतं.

नोटीस नियमाप्रमाणे संस्थेच्या फळ्यावर लावली. फडातल्या सभासदांच्या नोटिसा ट्रक ड्रायव्हरच्या हाती पाठवल्या. व्हाइस फळ्यापुढे उभे राहिले, सिगारेट पेटवली, तारीख आणि वेळ बघितली आणि समाधानाने निघून गेले. आजवरच्या सगळ्या नोटिसांत ठिकाण "संस्थेचे कार्यालय" असंच असायचं. खालपर्यंत वाचतो कोण?

सभेच्या आदल्या दिवशी पहाटे आम्ही निघालो. चेरमनांनी बरोबर घेतलेलं सामान असं: इतिवृत्ताचं पुस्तक, शिक्का, शाईचा पॅड, सभेची पितळी घंटी, चाव्यांची कडी, माझी उंदरांची वही, आणि एका पोत्यात माझ्या टेबलाचा अख्खा खण उपडा केलेला. मी म्हटलं, अहो यातले निम्मे कागद बिनकामाचे आहेत. ते म्हणाले, "दप्तर म्हंजी दप्तर." तीन एसट्या बदलल्या. प्रत्येक खड्ड्याला कडी खणखणायची. शेवटी कंडक्टर वैतागून म्हणाला, "म्हातारबा, हे काय वाजतंय?"

"माजं गाव हाय," चेरमन म्हणाले आणि कडी मांडीवर घेऊन बसले.

दिवस मावळायला फडावर पोचलो. पाचटाच्या कोप्यांतून आमचं सगळं गाव बाहेर आलं. मला वाटलं, आता विहिरीबद्दल विचारतील. छे! बायकांनी चेरमनांना घेरलं आणि एकच गलका. माझ्या घराचं काय? माझी तुळस? चेरमनांनी कडी हातात घेतली, मला वही उघडायला लावली आणि घरवार अहवाल सुरू झाला. "घर बावीस, तुझं कवेलू सरकलं व्हतं, बशिवलं. घर चाळीस, मांजर यालं, पिलं चार, एक काळं." चाळीस नंबरची बाई हातातला कोयता टाकून टाळ्या पिटायला लागली. कोणी उंदराला शिव्या घातल्या, कोणी नुसतीच आपली चावी हातात घेऊन बघितली आणि परत दिली. तीन वर्षं मी ती वही शिव्या देत लिहिली होती. त्या संध्याकाळी मला माझीच लाज वाटली आणि मी मोठमोठ्याने वाचू लागलो.

सकाळी अकराला फडातलं काम थांबलं. टोळीचा मुकादम घाईला आलेला. "चेरमन, गाड्या उब्या हायेत, बिगीनं आटपा."

"तू बी सभासद हायेस बे. बस खाली."

बाभळीला इतिवृत्ताचं पुस्तक टेकवलं, घंटी वाजवली आणि चेरमनांनी मोजायला सुरुवात केली. एकदा मोजलं. पुन्हा मोजलं. मग तोंड उतरलं. "तीस." शेजारच्या फडांतले आमचे सभासदही येऊन बसले होते, चेरमन स्वतःलाही धरून होते. तरी तीसच. आमची बाकीची माणसं दुसऱ्या कारखान्यांवर, दोन दोन जिल्हे पलीकडे.

मी म्हटलं, "चेरमन, मला धरा. मी चालेन की."

"तुमी पगारी. तुमचं घर न्हाई गावात, कुदळ न्हाई हिरीत. तुमी कसे हुताल?" ते नियमाला धरूनच बोलले. पण तीन वर्षं त्यांच्या घरचं जेवलेल्या माणसाला ते लागलं, हे मी लपवत नाही. मग मुकादम म्हणाला, "आर्धा घंटा तहकूब करा की मंग. कायदा हाय म्हनं." सगळे हसले. चेरमन हसले नाहीत. दिवसभर प्रवास करून ते त्याच अर्ध्या तासाच्या दारात येऊन उभे राहिले होते.

तेवढ्यात मागच्या सरीतून आवाज आला, "मी हाय की."

कौसाबाई. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा असाच दूरच्या फडावर तापाने गेला. सभासद तो होता. तो गेल्यावर घराची सभासदी तिच्या नावावर व्हायला हवी होती.

"तुजं नाव लागलं न्हाई कौसाबाई," चेरमन हळूच म्हणाले.

"अर्ज दिला की. दाखला जोडून. शिक्रेटरीच्या हातात."

सगळी टोळी माझ्याकडे बघायला लागली. तो अर्ज मला स्पष्ट आठवला. प्रत्येक मासिक सभेला मी तो काढायचो आणि "वेळेअभावी पुढील सभेत" म्हणून परत खणात टाकायचो. दोन वर्षं. बाईमाणूस, कशाला घाई, असंही मनात असेल. आता कबूल करायला काय हरकत आहे? चेरमनांनी ते पोतं उचललं आणि सगळ्यांसमोर उपडं केलं. भुईमुगाची टरफलं, तुटका कंगवा, माझ्या भावी सासऱ्यांची दोन पत्रं आणि सगळ्यात खाली कौसाबाईचा अर्ज.

"संचालक किती हायेत हितं?" चेरमन ओरडले. चार हात वर झाले. "आन मी पाच. नवातले पाच, म्हंजी मंडळाची गनपूर्ती झाली! सर्वसाधारन सभा जरा थांबंल. आदी संचालक मंडळाची सभा." तिथल्या तिथे, दोन सऱ्यांच्या मधे, पाच जण उकिडवे बसले. विषय एक. सूचक, अनुमोदक, मंजूर. चार मिनिटं. मी भराभरा लिहीत होतो आणि पंचवीस-तीस माणसं वरून वाकून माझं अक्षर बघत होती. लिहून झालं तशी चेरमनांनी पुन्हा घंटी वाजवली आणि पुन्हा पहिल्यापासून मोजलं. "अट्ठावीस... एकोनतीस... तीस..." आणि कौसाबाईपुढे जाऊन हात जोडले. "एकतीस!"

अशी आरोळी उठली की बांधापलीकडचे दुसऱ्या गावचे लोक काय झालं म्हणून पळत आले.

सभा मात्र त्यांनी शिस्तीत चालवली. एक तरणा गडी उठून म्हणाला, "नळ आला तर वाईट काय? आमच्या बायांनी किती दिवस शेंदायचं?" काही जण त्याला गप करायला लागले, तर चेरमनांनी त्यांनाच गप केलं. मग कौसाबाई उभी राहिली. आयुष्यातली तिची पहिली सभा, आणि ती पदर खोचून बोलली, "नळ यिऊ दे की. पन त्यो बंद करायची चकली कुनाच्या हातात ऱ्हाईल? पोहरा माज्या हातात असतो. हीर खनली तवा मी माती वाहिली. द्यायची तर मला इचारून द्या." विहीर द्यायची नाही, पण कॉलनीतल्या कोणालाही आपल्या घागरीने पाणी नेता येईल, असा ठराव झाला. बाजूने तीस, विरोधात एक. "कोयते खाली ठिवा, मंग हात वर करा," हे मला प्रत्येक वेळी सांगावं लागलं. विरोध करणाऱ्या गड्याचं नाव चेरमनांनी मुद्दाम ठळक लिहायला लावलं. "इरोध बी लागतो. न्हाईतर सभा कशाची."

मग अंगठे. सकाळपासून ऊस तोडलेले अंगठे, रसाने चिकट. एकेक शाईत बुडायचा आणि पानावर उमटायचा. शेवटचा कौसाबाईचा. तोवर पुस्तकाची दोन पानं एकमेकांना चिकटायलाही लागली होती.

इकडे गावात काय झालं ते शिपायाने सांगितलं. चेरमन रुसून पाहुण्यांकडे गेले अशी खूश होऊन चर्चा झाली. अकराला व्हाइस कचेरीत बसले. घंटी सापडेना म्हणून चमच्याने स्टीलचं ताट वाजवलं. अर्धा तास तहकूब. चहा. मग पुस्तक सापडेना म्हणून शाळेच्या वहीत ठराव लिहून विहीर देऊन टाकली.

पंधरा दिवसांनी दोन्ही ठरावांची चौकशी करायला निबंधक कचेरीचे एक साहेब आले. सफारी सूट, कपाळावर आठ्या. शाळेची वही त्यांनी वाचली, बाजूला ठेवली. मग आमच्या नोटिशीवरचं ठिकाण वाचून चष्मा काढून पुसला. "सभा फडात झाली? अहो चेअरमन, असले ठराव घरी बसून लिहिलेले मी रोज बघतो. फडात झाली हे कशावरून?"

"पुस्तक उगडून बगा," चेरमन म्हणाले.

मी ते पुस्तक आल्यापासून ट्रंकेत ठेवलं होतं, उघडलं नव्हतं. साहेबांनी चिकटलेली पानं ओढून वेगळी केली आणि आतून लाल मुंग्यांची फौज निघाली. अंगठ्यांवरचा रस खायला त्यांनी दहा-बारा दिवस मुक्काम केलेला. त्या टेबलावर आल्या, साहेबांच्या बाहीत शिरल्या आणि साहेब खुर्चीवरून असे उठले की खुर्ची मागे आडवी झाली. ते ओट्यावर सफारी झटकत नाचत होते आणि चेरमन मागे उभे राहून अगदी आदबीने विचारत होते, "मोजू का साहेब?"

व्हाइससुद्धा फस्सकन हसले. मोकळं हसले, वाद संपल्यासारखे. साहेबांनी त्यांना विचारलं, "नोटीस वाचली होती?" ते म्हणाले, "वरचंच वाचलं व्हतं." विहीर राहिली.

पाडव्याला गाव परत आलं, चाव्या वाटल्या गेल्या आणि त्या उन्हाळ्यात रोज सकाळी कॉलनीतल्या बायका घागरी घेऊन आमच्या विहिरीवर येऊ लागल्या. शहरात वाढलेल्या, पोहरा कसा सोडायचा ते माहीत नाही. कौसाबाई काठावर उभी राहून त्यांना शिकवायची आणि चुकलं की झापायची. चेरमन चिंचेखाली बसून रांग मोजायचे. "बगा शिक्रेटरी, मी म्हनत व्हतो का न्हाई? परळी यायलीय."

माझी बदली झाली ती नेमकी पुढच्या हंगामात. गाव पुन्हा रिकामं. चार वर्षांची नोकरी, आणि निरोप द्यायला कोणी नाही, याचं मला वाईट वाटत होतं. बोलून दाखवलं नाही. सकाळी काकूंनी भाकरी बांधून दिली आणि तोंड फिरवून आत गेल्या. मी खोलीला कुलूप लावून चावी चेरमनांच्या हातात दिली. फाट्यापर्यंत माझी ट्रंक त्यांनीच उचलली.

बस आली. मी पायरीवर पाय ठेवला तर चेरमन बससमोर जाऊन हात आडवा करून उभे राहिले. ड्रायव्हर ओळखीचा होता. "काय झालं चेरमन?"

"थांबा. गनपूर्ती व्हायचीय."

रस्त्यावर आम्ही दोघंच. त्यांनी खांद्यावरची कडी काढली आणि एकेक चावी पुढे सरकवत मोजायला लागले, मोठ्याने, नावानिशी. "ही कौसाबाई. ह्यो मुकादम. ही चाळीस नंबरची, मांजरवाली. ह्यो त्यो इरोधवाला." बसमधली माणसं खिडकीतून माना काढून बघत होती. कुलपाला हात वर करता येत नाही म्हणणारा हा माणूस भर रस्त्यात कुलपांच्या चाव्या मोजत होता. मी म्हणणार होतो की चेरमन, नियमात बसत नाही. पण तोवर मीही त्यांच्याबरोबर चाव्या मोजायला लागलो होतो.

"तीस," ते म्हणाले आणि थांबले. मग शेवटची चावी वर धरली. माझ्या खोलीची. सकाळी दिलेली, त्यांनी कडीत ओवलेली. "आन हे तुमी. एकतीस. झाली गनपूर्ती. जा आता."

ते बाजूला झाले. बस सुटली. मागे वळून बघितलं तर चेरमन अजून फाट्यावरच उभे होते आणि टाचा उंचावून बसच्या खिडक्यांतली माणसं मोजत होते.